भोपाळच्या तलावातला मगरतोंड्या मासा आणि आपल्या घरातली काचेची टाकी



होड्या किनाऱ्याला लागल्या आणि जाळ्यांची डागडुजी सुरू झाली, की मोबाईललाही जोर येतो. गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर तो जुना फोटो पुन्हा फिरला. अंग माशाचं आणि तोंड मगरीचं. एकानं खाली लिहिलं, ‘आपल्या खाडीत सापडला.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘आता पापलेट संपलं समजा.’ नाखवा मंडळी, जरा दमानं घ्या. तो फोटो खाडीतला नाही.

ती गोष्ट भोपाळची आहे. एप्रिल २०२३ मध्ये भोपाळच्या बड्या तलावात, खानूगावच्या बाजूला, हा मासा गळाला लागला. लांबी साधारण दीड फूट. नाव ॲलिगेटर गार. मूळ गाव अमेरिका, मिसिसिपी नदीचा खालचा भाग आणि मेक्सिकोच्या आखाताचा काठ. पुढच्याच महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात गाळ-गवत काढताना असाच एक सापडला.

आता अमेरिकेतला मासा भोपाळला पोहत जाणार नाही. भोपाळ समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. असा मासा तलावात येतो तो माणसाच्या हातानं. एक तर मत्स्यबीजात मिसळून, नाहीतर कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीतून. दुकानात तो बोटाएवढा असतो, चांदीच्या सळईसारखा दिसतो, पोरांना आवडतो. पहिल्याच वर्षात तो दीड-दोन फुटांवर जातो. सोबतचे मासे एकेक करून कमी होतात. मग घरात बोलणी सुरू होतात आणि एखाद्या संध्याकाळी बादली घेऊन कुणीतरी तलावाकडे निघतं.

हे आज सांगायचं कारण वेगळंच आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता फिश टँक आलाय. काही बहिणींनी शोभिवंत मासे विकायला सुरुवातही केली आहे. आणि आमच्याकडे सारखा एकच प्रश्न येतो: ‘टाकीत एक मोठा मासा आहे, त्याच्याबरोबर दुसरं काय ठेवू?’ आमच्या मते हा प्रश्न आणि भोपाळचा मासा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. सोबती चुकीचे निवडले की त्याचा शेवट बादलीत होतो, आणि बादलीचा शेवट कुणाच्या तरी तलावात.

गंमत अशी, की सोबती कसे निवडायचे हे भोपाळच्या त्याच तलावात बघायला मिळतं. बडा तलाव राजा भोजानं अकराव्या शतकात बांध घालून केला असं मानतात. कोलांस नदीचं पाणी त्यात येतं, शहराच्या मोठ्या भागाला तिथूनच पिण्याचं पाणी जातं, आणि २००२ पासून भोज पाणथळ म्हणून तो रामसर यादीत आहे. अशा गोड्या तलावात मच्छिमार कटला, रोहू आणि मृगळ या तिघांवर पोट भरतो. हे तिघं एकत्र का नांदतात? कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. तिघंही मोठे होतात, पण कुणी कुणाच्या ताटात हात घालत नाही. एकमेकांना गिळण्याचा तर प्रश्नच नाही.

दोन मासे एकाच थरात, एकाच खाण्यावर आले की काय होतं, ते हिमाचलच्या गोविंदसागरात दिसलं. १९७१ च्या पुरात शेजारच्या मत्स्यबीज केंद्रातून सिल्व्हर कार्प वाहून त्या जलाशयात गेला. काही वर्षांत तिथे त्याचंच राज्य झालं आणि कटला मागे पडला. सिल्व्हर कार्प काही शिकारी मासा नव्हे. त्यानं कटल्याला खाल्लं नाही, त्याचं जेवण खाल्लं. घरच्या टाकीतही हेच होतं. मारामारी दिसत नाही, पण एक मासा फुगत जातो आणि दुसरा वाळत जातो.

म्हणजे थर आणि खाणं बघायचं. पण त्याच्याही आधी बघायचं ते तोंड.

मोठ्या माशाचा साधा हिशेब असा: जे तोंडात मावतं ते जेवण. त्यात राग नाही, लोभ नाही. आज जे मावत नाही ते सहा महिन्यांनी मावेल, हे आपण विसरतो. दुकानात सगळे मासे दोन-दोन इंचांचे असतात, एकाच टाकीत गुण्यागोविंदानं फिरत असतात. आपण ते चित्र घरी आणतो. खरं तर विकत घेताना दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न ‘केवढ्याला?’ नसून ‘केवढा होतो?’ हा आहे.

ऑस्करचंच घ्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न याच माशाचे येतात. काळा अंगरखा, त्यावर केशरी नक्षी, मालकाला ओळखतो, हातातून खातो. दोन इंचांचा आणलेला ऑस्कर वर्षभरात दहा इंचांच्या आसपास जातो आणि पुढे फूटभर होतो. हा चिलापीचा, म्हणजे तिलापियाचाच भाऊबंद. चिलापीचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. जागा धरून बसायचं, खड्डा करायचा, जवळ येईल त्याला हुसकायचं. ऑस्करही तेच करतो. दगड उलथतो, झाडं उपटतो, थर्मामीटरही सोडत नाही. त्याच्याबरोबर गप्पी, टेट्रा, मॉली ठेवणं म्हणजे रोजचा नाश्ता ठेवणं. गोल्डफिशही नको. तो संथ आहे, त्याला थंड पाणी लागतं, आणि ऑस्करला गरम.

मग काय चालतं? सिल्व्हर डॉलर हा आमचा पहिला सल्ला. आपल्या बाजारातल्या रूपचंदाचा हा लहान चुलतभाऊ. ताटलीसारखा गोल आणि उंच, म्हणून तोंडात मावत नाही. सहा इंचांवर थांबतो, पाला खातो, चपळ आहे. मात्र एकटा-दुकटा ठेवला तर घाबरून कोपऱ्यात बसतो. पाच-सहा जणांचा थवा हवा. टाकी पुरेशी लांब असेल तर सिल्व्हर शार्कही चालतो. तोही सगळे छोटे असताना आणायचा नाही. ऑस्कर हातभर झाल्यावर त्याच्या टाकीत तीन इंचांचा शार्क सोडला, तर सकाळी टाकीत शार्क दिसणार नाही.

‘शार्क’ या नावावरून आठवलं. दुकानात शार्क म्हणून दोन वेगळे मासे मिळतात आणि त्यात भले भले फसतात. एक हा सिल्व्हर शार्क, बाला शार्कही म्हणतात. चंदेरी अंग, परांना काळी किनार. मुशीशी त्याचं काही नातं नाही, खवल्यांचा गरीब मासा आहे. फूटभर होतो, थव्यानं राहतो, घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीला झाकण लागतंच. दुसरा करडा, चकाकणारा, मिशांचा. तो नीट निरखून बघा. तो आपला पंगस आहे! धरणांतल्या पिंजऱ्यांत जो वाढवतात तोच. तीन-चार फुटांपर्यंत जाणारा मासा दोन फुटांच्या टाकीत शोभेला विकतात. त्याची नजर अधू, कुणी टाकीसमोरून पटकन गेलं तरी बिथरून काचेवर आपटतो आणि नाक फोडून घेतो. घरच्या टाकीत त्याला कुणीच सोबती शोधू नये, कारण ती त्याची जागाच नाही.

रूपचंदाचंही तसंच. लहानपणी पोट लाल असतं म्हणून ‘पिरान्हा’ सांगून खपवतात. पोरगं खूश होतं. दोन फुटांचा झाल्यावर तो काजू-बदाम फोडायच्या दातांनी हीटरची वायर तोडतो.

जागेचा हिशेब मात्र कागदावर करा. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत सुमारे ५७ लिटर पाणी मावतं. आपल्याकडे बहुतेक घरांत हीच टाकी असते. तीत वर सांगितलेला एकही मासा जन्मभर राहू शकत नाही, एकटासुद्धा नाही. चार बाय दीड बाय दीड फूट म्हणजे अंदाजे २५५ लिटर. तीत एक ऑस्कर कसाबसा, सोबती जवळजवळ नाहीच. खरी मोठी टाकी सहा बाय दोन बाय दोनची, सुमारे ६८० लिटर. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ६८० किलो, त्यावर काच, वाळू, स्टँड. वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर आधी घर बांधणाऱ्याला विचारा. या टाकीत दोन ऑस्कर आणि सहा सिल्व्हर डॉलर छान राहतात. नाहीतर ऑस्कर सोडून द्या आणि पाच सिल्व्हर शार्क, सहा सिल्व्हर डॉलर व तळाला चार-पाच क्लाउन लोच असा शांत संसार मांडा. आम्हाला विचाराल तर दुसरा बेत जास्त आवडतो. घरात बायका-पोरांना बघायलाही तो बरा, रोज भांडण सोडवावं लागत नाही.

तीन ऑस्कर नकोत. दोघांची जोडी जमते आणि तिसऱ्याला मरेस्तोवर चोपतात. एका सभासदाच्या घरी आम्ही हे बघितलंय. वहिनींनी शेवटी त्या तिसऱ्याला धुण्याच्या टबात ठेवलं होतं, आणि कपडे धुवायचे कुठे यावरून घरात चांगलीच जुंपली.

आणि त्या गारबद्दल. त्याचं अंग चौकटीच्या आकाराच्या कडक खवल्यांनी मढलेलं असतं, चिलखतच म्हणा. असा मासा दुमडून वळत नाही. दोन फूट रुंद टाकीत अडीच फुटांचा गार म्हणजे बोळात अडकलेला ट्रक. तो तर आठ फुटांपर्यंत जातो. अमेरिकेत २०११ साली जाळ्यात आलेला एक गार १४८ किलोचा भरला होता. आयुष्य पन्नास वर्षांच्या वर. कुणी सांगेल, गार शांत असतो, मोठ्या माशांना त्रास देत नाही. खरंय. तो दिवसभर ओंडक्यासारखा तरंगतो. पण असा मासा सरकारी मत्स्यालयाच्या तलावाएवढ्या टाकीत शोभतो. आपल्या घरात त्याला सोबती शोधण्याआधी त्यालाच घेऊ नये, हे सरळ सांगतो.

तळ साफ करायला म्हणून सगळे घेतात तो सकर. काळा, खरखरीत, काचेला चिकटणारा. तीन इंचांचा घेतलेला सकर दीड फुटांवर जातो. शेवाळ खातो तो लहानपणीच, मोठा झाला की रात्री सपाट अंगाच्या संथ माशांना चिकटून त्यांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. सकाळी माशाच्या अंगावर पांढरे चट्टे दिसतात आणि आपण औषध आणायला धावतो. हाच सकर उजनीत किती झाला आहे ते भिगवण-इंदापूरकडच्या मच्छिमारांना विचारा. जाळ्यात आला की काट्यांनी जाळंच फाडतो, बाजारात त्याला किंमत नाही, काठाला बिळं पाडतो. तोही कुणाच्या तरी टाकीतूनच सुटलेला. शेवाळासाठी मासा हवाच असेल तर ब्रिसलनोज घ्या, तो पाच-सहा इंचांवर थांबतो. फक्त ऑस्करच्या टाकीत नको. ऑस्करनं काटेवाला लहान मासा गिळायचा प्रयत्न केला तर काटा घशात उघडतो आणि दोघंही जातात. शिंगाळ्याचा काटा हातात गेला तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

पाण्याचं थोडक्यात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते घालवल्याशिवाय टाकीत ओतू नका. नवी टाकी भरली आणि त्याच दिवशी सगळे मासे सोडले, तर त्यांच्याच घाणीतल्या अमोनियानं ते मरतात. फिल्टरमधले जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. मोठा मासा खातो जास्त, घाण करतो जास्त, म्हणून आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं. नवा मासा आणला की आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. एका माशाच्या अंगावरचे पांढरे ठिपके आठ दिवसांत सगळ्यांच्या अंगावर जातात. आणि गरीब मासे आधी सोडा, दादागिरी करणारा सगळ्यात शेवटी. जो आधी येतो तो घर आपलं समजतो, हे माणसातही आहेच.

किनाऱ्यावरच्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट, जी शहरातल्या दुकानात कुणी सांगणार नाही. आपल्यापैकी अनेकांच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं. ऑस्कर, सिल्व्हर डॉलर हे ॲमेझॉनच्या गोड्या पाण्याचे, त्यांना ते मानवत नाही. पण आपल्या खाडीतला कालुंदर मचूळ पाण्यात मजेत राहतो. तोही चिलापीच्याच कुळातला, पण पुष्कळ समजूतदार. त्याच्याबरोबर ठिपक्यांचा स्कॅट आणि चंदेरी, त्रिकोणी मोनो हे दोन्ही मासे मोठे होऊनही नांदतात. तिघांचीही अंगं उंच आणि चपटी, कुणी कुणाच्या तोंडात मावत नाही. टाकी मोठी लागतेच, स्कॅटही फूटभर होतो आणि त्याचे काटे झोंबतात. पण हे पाहुणे आपल्याच पाण्यातले. मात्र घोडामासा हौस म्हणूनही उचलू नका. वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

ज्या बहिणी शोभिवंत माशांचा धंदा करतात त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या अशा छोट्या युनिटसाठी ३ लाख रुपये खर्च धरलेला आहे. त्यावर महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान. अर्ज भरायला संस्था मदत करेल. पण मासा देताना गिऱ्हाइकाला तो केवढा होतो ते सांगा, टाकीचं माप विचारा. एखादं गिऱ्हाईक परत जाईल. चुकीचा मासा नेलेलं गिऱ्हाईक मात्र तीन महिन्यांनी सगळे मासे मेले म्हणून भांडायला येतं, आणि परत कधी येत नाही.

आता ज्यांच्या टाकीत चुकीचा मासा वाढून बसलाय त्यांनी काय करायचं? आधी दुकानात परत द्यायचा प्रयत्न करा, बरेच दुकानदार घेतात. नाहीतर मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाला द्या. पंगस, रूपचंद हे खायचेच मासे आहेत. टाकीत कधी औषध घातलं नसेल तर कालवण करायला काही हरकत नाही. औषध घातलं असेल तर नको, त्यातली काही खाण्याच्या माशांना मना आहेत. पण गावच्या विहिरीत, देवळाच्या तळ्यात, धरणात, ओढ्यात, खाडीत सोडायचा नाही. खाडीत खारं पाणी आहे, तिथे मरेलच, असं कुणी म्हणेल. गारच्या बाबतीत ते खरं नाही. त्याच्या मुलखात तो नदीच्या मुखाशी, मचूळ पाण्यातही राहतो. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर वर येऊन हवा घेतो. म्हणजे उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात जिथे आपला मासा तडफडतो, तिथेही तो तग धरतो.

आणि खरंच कुणाच्या जाळ्यात तसा मगरतोंड्या आलाच, तर पुन्हा पाण्यात टाकू नका. तोंडाजवळ हात नेऊ नका, दात दोन ओळींत असतात. फोटो काढा, माप घ्या, जागा लिहून ठेवा आणि आपल्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला व संस्थेला कळवा. एक गोष्ट घरातल्या बायांना आजच सांगून ठेवा: त्याच्या पोटात गाभोळी निघाली तर ती खायची नाही. आपल्याला गाभोळी म्हटलं की तवा आठवतो, पण गारची गाभोळी माणसाला विषारी आहे. कोंबड्यांना, मांजराला, कुत्र्यालाही घालायची नाही. खड्डा करून पुरायची.

टाकीबद्दल विचारायचं असेल तर संस्थेच्या नंबरवर टाकीची लांबी-रुंदी-उंची, पाणी नळाचं की विहिरीचं, आणि आता आत कोणते मासे किती इंचांचे आहेत एवढं लिहून पाठवा. नुसता माशाचा फोटो पाठवून ‘चालेल का?’ विचारू नका. त्यावरून काहीच सांगता येत नाही.